निर्णायक मत

रविवार, ३ मार्च १९५७

आबासाहेबांना काल त्यांचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. छातीचं दुखणं आहे. चार महिने जिने चढायचे नाहीत, सभा घ्यायच्या नाहीत आणि चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पहिली दोन पथ्यं ते पाळतील.

संध्याकाळी विष्णुपंत आले. आमच्या शिक्षण मंडळाचे आबासाहेब अध्यक्ष, विष्णुपंत चिटणीस. शाळेचा सगळा कारभार विष्णुपंतांच्या हातात. पायरीवर चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, आता खुर्ची तुमची. आबासाहेब येईपर्यंत सभा उपाध्यक्षांनी चालवायच्या."

तीन वर्षं मी या मंडळाची उपाध्यक्ष आहे. त्या काळात काय केलं हे खरं लिहायचं तर बक्षीस-समारंभात पाहुण्यांच्या पत्नीला हार घातला, संक्रांतीला शिक्षिकांना वाण दिलं आणि समितीच्या सभेत आबासाहेबांच्या डाव्या हाताला बसले. निवड बिनविरोध झाली होती. "एखादी शिकलेली बाई असू द्या," असं कुणीतरी म्हणालं आणि यांच्या कारखान्याच्या कॉलनीत बी. ए. झालेली मीच सापडले.

जेवताना हे चेष्टा करत होते. "उपवास, उपमा, उपाध्यक्ष. तिन्हींनी पोट भरत नाही." मी हसले. मग म्हणाले, "आणि उपटसुंभ राहिलंच की!" तेव्हा नाही हसले.

शुक्रवार, ८ मार्च

ट्रंकेतून घटनेची प्रत काढली. विष्णुपंत परवा म्हणाले होते, "दिल्लीला उपराष्ट्रपती राज्यसभा चालवतात, तशी तुम्ही आपली समिती चालवा. तुमचा तर विषयच तो." कॉलेज सोडून वीस वर्षांवर झाली. माझा विषय तो आहे हे अजून कुणाला आठवतं, याचाच आनंद झाला.

उपराष्ट्रपतींची कलमं दोनदा वाचली. विलक्षण पद आहे. माणूस निवडून येतो उपराष्ट्रपती म्हणून आणि रोजचं काम करतो राज्यसभेच्या सभापतीचं. वेतनसुद्धा त्याच कामाचं. ज्या पदासाठी निवडून आला, त्याचं खरं काम राष्ट्रपती आजारी पडले, गेले किंवा पायउतार झाले तरच. म्हणजे दुसऱ्याचं काही वाईट झाल्याशिवाय याचं महत्त्व नाही. हे वाचत असताना आबासाहेब डोळ्यांसमोर आले आणि मला माझीच लाज वाटली. ते गेल्यापासून मी जरा उत्साहात आहे.

एक कलम मनापासून पटलं. सभागृहाच्या अध्यक्षस्थानी जो असेल त्यानं पहिल्या खेपेस मत द्यायचं नाही. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली, तरच त्यानं आपलं निर्णायक मत द्यायचं. किती स्वच्छ! आमचे आबासाहेब आधी सगळ्यांबरोबर हात वर करतात आणि बरोबरी झाली की टेबलावर थाप मारून "हे माझं दुसरं" म्हणतात. एका माणसाची दोन मतं! दांडगाई आहे ही, पण तोंडावर सांगणार कोण? मी तसं करणार नाही.

रविवार, १७ मार्च

आज पहिली सभा. आबासाहेबांच्या खुर्चीवर बसले.

समिती नऊ जणांची. आबासाहेब नाहीत, म्हणून आम्ही आठ. विषय किरकोळच होता: पाण्यासाठी माठ वाढवायचे की नळाला टाकी बसवायची. चर्चा संपली तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "अध्यक्षस्थानी असेपर्यंत मी कोणत्याही विषयावर पहिल्या खेपेस मत देणार नाही. फक्त बरोबरी झाली तरच देईन. राज्यसभेत हीच पद्धत आहे."

विष्णुपंतांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "वा, कुमुदिनीबाई! आमच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं हे." (सभेत मी 'कुमुदिनीबाई', घरी 'वहिनी'.) "हे वाक्य मी जसंच्या तसं इतिवृत्तात घेतो. म्हणजे पायंडा पडेल."

टेकचंद शेठ काहीतरी म्हणू पाहत होते. ते उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातले, लाकडाची वखार आहे त्यांची. शाळेची सगळी बाकं त्यांनी दिली म्हणून ते समितीत. मला 'अदी' म्हणतात, सिंधीत ताईला म्हणतात तसं. "अदी, पन अपना कानून तो..." इतकं म्हणाले, तेवढ्यात विष्णुपंत म्हणाले, "शेठ, टाकीचं बोला. लाकडी टाकी बसवायची आहे का तुम्हाला?" सगळे हसले. शेठही हसले.

टाकी मंजूर झाली. घरी येताना वाटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा मी शिकलेलं कुठंतरी लागू पडलं.

शुक्रवार, २९ मार्च

बकुळाच्या वर्गावर गेले होते. ती शेजारच्या मोरिवली गावची. सातवीची फायनल झाली, मग ठाण्याला राहून शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. तिच्या गावातून एवढं शिकलेली मुलगी तिच्याआधी कुणी नव्हती. तीन वर्षं आमच्या शाळेत आहे, पण अजून हंगामी. नियमाप्रमाणे तीन वर्षांनंतर कायम तरी करायचं किंवा रजा तरी द्यायची. हा निर्णय आता माझ्या कारकिर्दीत यायचा आहे.

मोरिवलीच्या मुली शाळेत येतात त्या केवळ तिच्यामुळं. सकाळी येताना एकेका दारासमोर थांबून हाक मारते. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड असलं तरी येऊ देते. ते पोर मागं पोत्यावर झोपतं आणि बहीण पाढे म्हणते. विष्णुपंतांना हे चालत नाही. "शाळा आहे की पाळणाघर?" म्हणतात. मला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. आज वर्गात बसले तेव्हा वाटलं नाही.

तिनं मला मुलींना चार शब्द सांगायला लावले. मी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती समजावून सांगितले. एका मुलीनं विचारलं, "बाई, राष्ट्रपती आजारीच नाय पडले तं उपराष्ट्रपती काय करतात?"

"राज्यसभा चालवतात."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांना नीट बोलू देतात."

"आनि ते सोता?"

बकुळा तोंडाला पदर लावून हसत होती. तास संपल्यावर मला म्हणाली, "बाई, मला कायम करतील ना? आईनं गावात सांगूनसुद्धा टाकलंय." मी म्हटलं, समितीसमोरच्या विषयाबद्दल मला आधी बोलता येणार नाही. तिनं लगेच मान खाली घातली. उत्तर बरोबर होतं, पण आवाज जरा मऊ हवा होता.

सोमवार, ८ एप्रिल

विष्णुपंत येऊन तासभर बसले. कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरांची बहीण वृंदाबाई नवऱ्यासह इथे राहायला आली आहे. बी. ए., बी. टी. आहे. बकुळाची जागा तिला द्यावी, कारखाना शाळेला दोन पक्क्या खोल्या बांधून देईल, असं बोलणं झालेलं दिसतं. विष्णुपंतांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पावसाळ्यात दोन वर्ग व्हरांड्यात भरतात हे मीही पाहिलं आहे. पण खोल्या झाल्यावर मोरिवलीच्या मुलींना त्यात बोलावून कोण आणणार?

मी हे विचारलं. ते म्हणाले, "तुमचं मत तुमच्यापाशी राहू द्या, वहिनी. तुम्ही खुर्चीवर. तुम्ही वाद घातलात तर मग खुर्ची कुणाची?" हे मला मान्य करावं लागलं.

ते गेल्यावर हे आतून बाहेर आले. वर्क्स मॅनेजर म्हणजे यांचे साहेब. म्हणाले, "तुला मत द्यायचंच नाही हे फार बरं झालं. मलाही कुणी काही विचारणार नाही." मी म्हटलं, तत्त्व तुमच्या सोयीसाठी नाही. हे म्हणाले, "नसू दे. पण सोय झाली ना?"

यांच्या बढतीचं याच महिन्यात ठरायचं आहे. त्याचा माझ्या विचारावर काही परिणाम होतो आहे का, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. मी मतदानाबद्दल जाहीर केलं ते मार्चमध्ये, वृंदाबाईंचं नाव ऐकण्याच्या आधी.

रविवार, २१ एप्रिल

टेकचंद शेठ आले. पेढ्यांचा पुडा आणला होता, तो मी घेतला नाही, त्यांना वाईट वाटलं.

"अदी, ते बकुळाचं," म्हणाले, "कमिटीतले डागदर आपल्या बाजूला. मोरिवलीचा आनंदा पाटील आपल्या बाजूला. मी आहेच. अब तुम..."

मी त्यांना तिथंच थांबवलं. सभेबाहेर मतांची मोजणी करणं मला गैर वाटतं असं सांगितलं.

"मोजनी नको?" ते म्हणाले. "अदी, मी वखारवाला. मोजल्याशिवाय लाकूड उचलत नाय."

"शाळा वखार नाही, शेठ."

"तेच तर बोलतो. लाकूड तर परत मिळतं."

चहा न घेता गेले. अजून काही सांगायचं होतं असं वाटलं. पण माणसं एकदा घरी येऊन मतं सांगायला लागली की सभा घ्यायचीच कशाला? आणि माझं मन कुठल्या बाजूला आहे हे मला माहीत आहेच, म्हणून तर मला जास्त जपायला हवं.

रविवार, ५ मे

उपराष्ट्रपतिपदासाठी या खेपेलाही एकच उमेदवार उरला आणि बिनविरोध निवड झाली. पाच वर्षांपूर्वीही दुसऱ्याचा अर्ज छाननीत गेला होता. घटनेत केवढं बारकाईनं लिहिलं आहे: दोन्ही सभागृहांचे सभासद एका बैठकीला जमतील, गुप्त मतदान होईल, पसंतीचे क्रमांक घालतील. ती बैठक अजून एकदाही भरलेली नाही. चौरंग मांडून ठेवलेला आणि पूजा नाही, असं काहीसं.

हे मी विष्णुपंतांना म्हटलं. ते म्हणाले, "वहिनी, लायक माणूस असला म्हणजे मतं मोजावीच लागत नाहीत." मग जाता जाता, "तुमच्यासारख्यांना आम्ही तरी कुठं मोजायला लावतो?" मला हे कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी बकुळाचा विषय आहे.

रविवार, १२ मे

झालं. जे झालं ते क्रमानं लिहिते.

आठही जण आले होते. बकुळाला कायम करावं असा ठराव डॉक्टरांनी मांडला. आनंदा पाटलांनी अनुमोदन दिलं. ते फार बोलत नाहीत, पण आज म्हणाले, "आमचे पोरींना तुमची विंग्रजी नंतर शिकवा. पयला शालेत तर येव द्या." विष्णुपंत शांतपणे खोल्यांबद्दल बोलले. बकुळाबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. उलट म्हणाले की अशी कष्टाळू मुलगी कुठंही नाव काढील.

मी दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला. विष्णुपंतांना दोन मिनिटं जास्तच गेली, म्हणून डॉक्टरांनाही दिली.

मग हात. ठरावाच्या बाजूनं तिघं: डॉक्टर, आनंदा पाटील, टेकचंद शेठ. विरुद्ध चौघं: विष्णुपंत आणि ज्यांना कॉलनीत घरं आहेत ते तिघं. शेठ आपला हात वर ठेवूनच माझ्याकडे बघत होते. विष्णुपंत माझ्याकडे बघत नव्हते, दौतीचं झाकण लावत होते.

मी म्हटलं, "ठराव एका मतानं नामंजूर." आवाज स्पष्ट आला. वाईट वाटत असूनही निकाल न अडखळता सांगता आला, म्हणून त्या क्षणी मला समाधान वाटलं. हे लिहायला संकोच होतो, पण वाटलं.

बकुळा शेजारच्या वर्गात पेपर तपासत थांबली होती. दारात आली. "बाई, झालं का?" मी म्हटलं, "निकाल चिटणीस कळवतील. पद्धत तशी आहे." ती माझ्या तोंडावरून समजली. पेपरांचा गठ्ठा उचलून विष्णुपंतांच्या टेबलावर ठेवून आली. सगळे तपासून झाले होते.

सोमवार, १३ मे

सकाळी शेठ आले, या वेळी रिकाम्या हातानं. उभ्याउभ्याच बोलले.

"अदी, हात का नाय उठवला?"

मी पद्धत समजावून सांगू लागले. त्यांनी हात जोडले. "ते दिल्लीचं दिल्लीत. आपल्या मंडळाच्या कानूनमध्ये अध्यक्षाला दोन हात हायेत. एक मेंबर म्हणून. बरोबरी झाली तर दुसरा. मी पैल्या दिवसापासून बघतो आहे. आबासाहेब तसंच करतात, नाय?"

मी म्हटलं, ती आबासाहेबांची दांडगाई.

"दांडगाई?" शेठ बसले. मग म्हणाले, "तुमचा एक हात, म्हंजे चार-चार. मंग तुमचा दुसरा. पोरगी कायम. हे सांगायला मी आलो होतो त्या दिवशी. तुम्ही बोललात मोजायचं नाय."

त्यांनी जाताना दार अलगद ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १४ मे

विष्णुपंतांकडे गेले. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी उठून मला खुर्ची दिली. मी विचारलं, अध्यक्षाला सभासद म्हणून मत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?

"अर्थात. मंडळाचे नियम मीच लिहिलेत."

"मग मी मार्चमध्ये जाहीर केलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"वहिनी, तुम्ही असं म्हणाला नाहीत की तुम्हाला मत नाही. म्हणालात की तुम्ही देणार नाही. मत न देण्याचा हक्क कुणालाही आहे. मला ते तुमचं तत्त्व वाटलं. आता तत्त्वाला मी कसा आड येऊ?"

त्यांच्या वाक्यात चूक सापडेना. मी म्हटलं, पुन्हा मतदान घेऊ. ते म्हणाले, "निकाल अध्यक्षांनी जाहीर केला की विषय संपतो. तुम्ही तर किती खणखणीत जाहीर केलात." मग जरा थांबून, "हां, अध्यक्षांना वाटलं तर खास सभा बोलावता येते. आठ दिवसांची सूचना लागते. तो अधिकार फक्त खुर्चीचा. मी कोण अडवणार?"

म्हणजे रस्ता आहे. फेरमतदान मागता येत नाही असं नाही, फक्त मागायला हवं.

रविवार, २६ मे

खास सभेची सूचना तीनदा लिहिली.

पहिल्या मसुद्यात 'माझ्या गैरसमजामुळे' असं लिहिलं. मग वाटलं, ही चिटणिसांवर अप्रत्यक्ष टीका होईल. दुसऱ्यात कारणच दिलं नाही. ते लपवाछपवीचं वाटलं. तिसऱ्यात सगळं आलं, पण मग खरा प्रश्न उभा राहिला. जिथं मी स्वतः चुकले तो निर्णय फिरवायला मीच सभा बोलवायची, मीच खुर्चीवर बसायचं आणि या वेळी मीच दोन मतं द्यायची. हे न्यायाचं होईल की हट्टाचं? आबासाहेबांना मी ज्यावरून नावं ठेवत होते, तेच मी करणार नाही का?

आबासाहेबांना पुण्याला पत्र घालून विचारावं असं ठरवलं. पण त्यांना चिडायचं नाही असं सांगितलं आहे. पत्र घातलं नाही.

यांची बढती झाली. काल साहेबांच्या बंगल्यावर चहा होता. वृंदाबाई भेटल्या. वाईट नाहीत. मला म्हणाल्या, "त्या आधीच्या मुलीनं वर्गाच्या भिंतीवर किती सुंदर चित्रं काढली आहेत हो! ती काढायला मला जिवावर येईल." मी वडीचं कौतुक केलं.

बढतीचा आणि सूचनेचा काही संबंध नाही. सूचना मी उद्या पाठवणार आहे.

शनिवार, १ जून

सूचना अजून टेबलावर आहे. शाळा दहा तारखेला उघडते. आठ दिवसांची मुदत धरली तर उद्यापर्यंत जायला हवी.

दुपारी डॉक्टर भेटले, म्हणाले, "काय उपाध्यक्षबाई, ऐकतो आहे की खास सभा होणार?" म्हटलं, विचार चालू आहे. म्हणाले, "विचार लवकर संपवा. ती मुलगी गावात तोंड दाखवत नाही."

गुरुवार, ६ जून

आज हे कारखान्यातून आले ते खुशीत. बूट काढता काढता म्हणाले, "तुझ्यासाठी एक बातमी आहे. तुझी ती मास्तरीण आमच्याकडे लावून घेतली. पॅकिंगमध्ये. अक्षर चांगलं आहे म्हणून खोक्यांवर नंबर घालायला बसवली."

मी विचारलं, कुणी लावली?

"मीच. तुझ्या जिवाला लागलं होतं ना? महिनाभर जेवत नाहीस नीट." त्यांना खरंच वाटत होतं की मला आनंद होईल. मी ताट वाढलं. जेवता जेवता म्हणाले, "हुशार आहे. पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना ओळीत बसवलंन."

रात्री विचार करत बसले नाही. सूचना फाडली. आता ती नोकरीला लागली, म्हणजे अर्जदारच उरली नाही. सभा कशावर घ्यायची? विष्णुपंतांनीही संध्याकाळी निरोपात हेच कळवलं होतं. निरोप यायच्या आधीच मी या निर्णयावर आले होते, हे इथं नोंदवून ठेवते.

मंगळवार, ११ जून

शाळा काल उघडली. वृंदाबाईंच्या वर्गात मोरिवलीची एकच मुलगी आली, आनंदा पाटलांची नात. विष्णुपंत म्हणाले, येतील हळूहळू. मग त्यांनी एक कल्पना मांडली: बकुळाला सकाळी कारखान्यात जाताना मुलींना हाका मारत शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला सांगावं, मंडळ तिला त्याबद्दल काही देईल. "तिची वाट तीच आहे नाही तरी."

मी संतापले. आयुष्यात पहिल्यांदा विष्णुपंतांना उलट बोलले, "तिला दारापर्यंत येऊ द्यायचं आणि वर्गात नाही, असं?" ते शांतच. "तुमच्या मनात काही असेल तर वार्षिक सभेत मांडा ना. उपाध्यक्षपदासाठी तुमच्याशिवाय कुणाचंच नाव आलेलं नाही. या खेपेलाही बिनविरोध."

नको म्हणणार होते. पण पद सोडलं तर हात वर करायलाही जागा राहणार नाही. पुढच्या वर्षी शाळेत शिक्षिकेची एक जागा रिकामी होते आहे. तेव्हा मी खुर्चीवर असले काय आणि नसले काय, मत देणार. हे बकुळाला जाऊन सांगायचं. होकार देऊन आले.

रविवार, १६ जून

मोरिवलीला गेले होते.

बकुळाच्या घरी यापूर्वी कधी गेले नव्हते. पडवीत तिची आई, विठाबाई, सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. बकुळा आतून केस विंचरत बाहेर आली. बोटांच्या टोकांना खोक्यांवरच्या नंबरांची काळी शाई होती. तिनं मला बसायला पाट दिला आणि ती उभी राहिली, वर्गात मी गेल्यावर उभी राहायची तशीच.

मी पुढच्या वर्षीच्या जागेबद्दल बोलले. ती "हो बाई, हो बाई" म्हणत होती. मी मुलींना फाटकापर्यंत आणण्याबद्दल काही बोलणार नव्हते, तर तीच म्हणाली, "विष्णुपंतांचा निरोप आला होता. मी नाही म्हणून कळवलं. पोरी मला विचारतील, बाई, तुम्ही आत का येत नाही? मी काय सांगू?"

मग विठाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बाय, तुमी तवा खुर्चीवर व्हत्या ना?"

"होते."

"मंग?"

मी सांगायला लागले. अध्यक्षस्थानी जो असतो त्यानं पहिल्या खेपेस, असं काहीतरी. विठाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अर्थ कळत नसला तरी ऐकून घ्यायचं, अशा. माझं वाक्य लांबत चाललं. मला माहीत होतं की त्याच्या शेवटी मला ते सांगावं लागणार आहे: माझ्यापाशी होतं आणि मी दिलं नाही. मी थांबले. घोटभर पाणी मागितलं.

पाणी आणता आणता बकुळा आईला म्हणाली, "आये, पुरं कर ना. खुर्चीवरच्या मानसाला मत नसतं. बाई काय करतील?" आणि माझ्याकडे वळून, शाळेतल्या भाषेत, "नसतं ना, बाई?"

तिच्या तोंडावर राग नव्हता. ती मला सोडवत होती.

मी म्हटलं, "नसतं."

विठाबाईंचा चेहरा एकदम निवळला. "मंग तुमी तरी काय करनार, बाय," म्हणाल्या. आत जाऊन गुळाचा चहा टाकला. मी नको म्हणत होते. त्यांनी हातात कपच दिला.